बार्शीटाकळीचं चाक

चारुशीला अमरावतीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि दर रविवारी धाकट्या भावाच्या वाद्यवृंदात दिलरुबा वाजवायची. सतराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा वडिलांनी, म्हणजे मोरोपंत वकिलांनी, तिला माहेरी आणून शिकवलं. त्यालाही आता सतरा वर्षं होऊन गेली होती. 'बहुतेक' हा शब्द तिच्या बोलण्यात फारसा यायचा नाही. वर्गात एखादी मुलगी 'साधारण बारा' म्हणाली, की बाई शांतपणे विचारायच्या, "बारा की साधारण?"

भाऊ वसंत कॉलेजात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता. त्याच्या डोक्यात संगीताचं वेड वेगळंच होतं. त्याला नऊ वाद्यं एकत्र हवी होती, पण गत नको, बंदिश नको, ठेका नको. दोन फिडली, दिलरुबा, सतार, सरोद, बासरी, सनई, जलतरंग आणि पखवाज. कोणी केव्हा सुरू व्हायचं आणि कुठे थांबायचं, हे तो आलेखाच्या कागदावर रेघा मारून दाखवायचा. सम नसल्यामुळे माणसं भरकटायची. म्हणून मोजायचं काम चारुशीलाकडे आलं होतं. वाजवता वाजवता ती मनात मोजायची आणि ठरलेल्या आकड्याला मान हलवायची. तिची मान चुकली, असं दोन वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

एकोणीसशे एकोणचाळीसच्या ईस्टरच्या सुटीत अमरावतीला तीन दिवसांची नवसंगीत परिषद भरायची होती. नागपूर, पुणे, इंदूरहून मंडळी येणार होती. स्वागताध्यक्ष मोरोपंतच होते, पण मुलाचं संगीत त्यांना मुळीच पसंत नव्हतं. तरी रविवारी सकाळची आठची बैठक वसंताला मिळाली. त्याची रचना बावीस मिनिटांची होती. अठराव्या मिनिटापुढचा कागद मात्र त्याने कोरा ठेवला होता.

"इथे काय आहे?" चारुशीलाने विचारलं.

"एक आवाज आहे, ताई. हिवाळ्यात बार्शीटाकळीपाशी सर्व्हिस मोटार बंद पडली होती, तेव्हा ऐकला. फिडलीवर करून बघितला, सनईवर करून बघितला. येत नाही. तो तिथूनच आणावा लागेल."

मार्चमधल्या एका शनिवारी दोघं अकोल्यावरून बार्शीटाकळीला गेली. गावाबाहेर अर्ध्या मैलावर सहदेव माळ्याचा मळा होता. वांगी, कांदे, मेथी, कडेला झेंडू. विहिरीवर मोट चालू होती. बैल उतारावरून खाली जात, भरलेली मोट वर येई, आणि विहिरीच्या तोंडावरचं लाकडी चाक त्या ओझ्याखाली बोलू लागे.

चारुशीलाला त्या आवाजाची तयारी नव्हती. चाक कुरकुरत नव्हतं. आवाज मध्यमावरून निघत होता, पंचमाला पोचण्याआधी थबकत होता आणि मग अशा जागी जाऊन राहत होता, की तिथे कुठलीच श्रुती तिला ठाऊक नव्हती. तो कानावर येण्याऐवजी पायाखालून वर चढतोय असं वाटे. मोट थारोळ्यात रिकामी झाली की तो संपे, आणि मग पाणी पाटाने धावू लागे.

पाटाच्या दुसऱ्या टोकाला चाळिशीची एक बाई विहिरीकडे पाठ करून उभी होती. लुगड्याचा काचा वर खोचलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलात. पाणी पोचायच्या आत ती वाकून हाताने एक बांध फोडे, दुसरा बुजवी आणि पुढच्या वाफ्याकडे सरके.

"माही मोठी बहीण, सत्यभामा," सहदेव म्हणाला. "तिले ऐकू येत नाई जी. लहानपणी देवी निघाल्या होत्या, तवापासून."

"मग पाणी येतंय हे त्यांना कसं कळतं?"

"पाण्याचं तिले समजते."

चारुशीलाने घड्याळ काढून अकरा मोटा मोजल्या. अकराही वेळा मोट उलटायच्या नेमकं आधी सत्यभामा वाकली. सवय असेल, चारुशीलाला वाटलं. बाराव्या वेळी नाडा अडकला आणि बैल मधेच थांबले. सत्यभामाही अर्धी वाकून तशीच थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही. नाडा सुटला, मोट उलटली, तेव्हाच तिने बांध फोडला. बैलांच्या पावलांचा हादरा जमिनीतून तिच्या पायांना पोचत असेल, असं चारुशीलाने ठरवलं आणि घड्याळ आत ठेवलं.

वसंताने तीन दिवसांसाठी चाक मागितलं आणि तेवढ्या दिवसांसाठी दुसरं चाक पाठवायचं कबूल केलं. सहदेव बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"न्यायले हरकत नाई. पण या चाकाले आमी रिकामं नाई फिरवत. बापानं सांगतलं होतं."

"का?"

"कावून, थे नाई सांगतलं."

"रिकामं नाही फिरवणार. मोटेऐवजी रेतीचं पोतं बांधू."

तोवर सत्यभामा वर आली होती. भावाने खुणांनी तिला सगळं सांगितलं. तिने चाकावर तळवा ठेवला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला.

"चाक जाईन तिकडं थे जाईन म्हणते," सहदेव म्हणाला. "मंग मले बी यावं लागन."

शुक्रवारी परिषद सुरू झाली आणि दुपारच्या मोकळ्या वेळात नाट्यगृहात पहिली तालीम झाली. नाट्यगृह जुन्या पद्धतीचं होतं. वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि रंगमंचाच्या मधोमध एक झडप. नाटकातला राक्षस त्या झडपेतून वर यायचा. वसंताने झडपेवर चौकट उभी करून चाक बसवलं. सहदेवाने दोराला रेतीचं पोतं बांधून खाली सोडलं. चार मोजेपर्यंत पोतं तळाला धप्पकन टेकलं. मग त्याने ओढलं, आणि चाक जुन्या बैलगाडीसारखं नुसतं करकरलं.

दहा वेळा ओढून झालं. वसंताने कण्याला पाणी लावलं, राख लावली. काही उपयोग झाला नाही.

"थे रिकामं आहे जी," सहदेव हळूच म्हणाला.

"दोन मण रेती आहे त्यात," वसंत वैतागून म्हणाला.

सहदेवाने दोर गुंडाळायला घेतला.

शनिवारी सत्यभामाही नाट्यगृहात आली. आदल्या दिवशी ती मोरोपंतांच्या घरी परसात बसून होती. चाक कुठे बसवलंय ते तिने पाहिलं, त्याच्यावर हात ठेवला आणि खाली उतरून पहिल्या रांगेपुढच्या जमिनीवर, रंगमंचाकडे पाठ करून जाऊन बसली. सहदेवाने दोर सोडला. चारुशीला सवयीने मोजत होती. चार झाले. पोतं टेकल्याचा आवाज आला नाही. सात, आठ. अकराला दोर थांबला. सहदेवाने ओढायला घेतलं आणि चाक बोललं.

हुबेहूब तो मळ्यातला आवाज. पखवाजवाले वामनराव पासष्टीचे होते, तीन पिढ्यांचे गवई ऐकलेले. त्यांनी हात जोडले आणि मग आपण हात का जोडले, म्हणून ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. वसंताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सगळे गेल्यावर चारुशीला कंदील घेऊन रंगमंचाखाली उतरली. खाली कोळ्यांची जाळी होती, एक मोडकं सिंहासन होतं आणि झडपेखाली कोरडा खड्डा होता. तळाला रेतीचं पोतं पडलेलं. तिने दोरीने खोली मापली. पाच हात. पुन्हा मापली. पाचच.

"चार आकड्यांत तळ यायला हवा," तिने घरी जाताना वसंताला सांगितलं. "आज अकरा झाले."

"मोजताना चुकली असशील, ताई."

"मी चुकत नाही, वसंता."

घर आल्यावर वसंत म्हणाला, "उद्या वाजवायचं ना?"

तिने थोडा विचार केला. भीती होती, हे तिने स्वतःशी कबूल केलं. पण तो आवाज पुन्हा ऐकायचा होता, आणि ती ओढ भीतीपेक्षा मोठी होती.

"वाजवायचं," ती म्हणाली.

रविवारी आठ वाजता नाट्यगृह भरलं होतं. पुढे वकील, प्राध्यापक, बाहेरगावचे उस्ताद, मागे चिकाच्या पडद्यापलीकडे बायका. मोरोपंत पहिल्या रांगेत मधोमध, नव्या धोतरात, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. सत्यभामा कालच्याच जागी जमिनीवर बसली. हा कार्यक्रमाचाच भाग असावा, असं समजून कोणी तिला उठवलं नाही.

रचना सुरू झाली. पहिल्या काही मिनिटांत दोन उस्ताद एकमेकांकडे बघून हसले. कोणीतरी खोकलं. चारुशीला मोजत होती, मान हलवत होती, आणि सगळं कागदावर होतं तसं चाललं होतं. आठ वाजून अठरा मिनिटांनी नवांनीही हात थांबवले.

सहदेवाने दोर सोडला.

चार. अकरा. बावीस.

सहदेवाच्या पायाशी पडलेलं दोराचं वेटोळं कमी होत नव्हतं. दोर मात्र खाली जातच होता.

चाळीसला खालून आवाज आला. चामडं पाण्यावर आपटल्याचा. मग मोट भरताना होतो तसा गुटगुट आवाज, सावकाश, पोटभर.

दोर ताणला गेला. दोन बैल ओढतात ते ओझं एका माणसाने ओढणं शक्य नव्हतं, आणि ते सहदेवाच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने दोर सोडला आणि मागे सरून उभा राहिला. दोर खाली पडला नाही. तो तसाच ताठ, विंगेच्या दिशेने सरकू लागला. बैल चालावेत त्या चालीने.

चाक बोलू लागलं.

चारुशीलाने पुष्कळ मोठे गवई ऐकले होते. एखाद्या सुराने माणूस हलतो, हे तिला माहीत होतं. इथे सूर जागचा हलत नव्हता, आणि बाकीचं सगळं त्याच्यापाशी जाऊन जागेवर बसत होतं. वरचे पत्रे, खांब, तिच्या मांडीवरचा दिलरुबा, तिच्या छातीची हाडं. एवढी वर्षं आपण सगळे किंचित बेसूर उभे होतो, आणि आता कोणीतरी आपल्याला लावून घेतंय, असं तिला वाटलं.

मग मोट उलटली. पाणी पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सत्यभामा उठली. विहिरीकडे असायची तशीच तिची पाठ रंगमंचाकडे होती. तिने काचा खोचला, वाकली, आणि सारवलेल्या कोरड्या जमिनीवर दोन्ही हातांनी एक बांध फोडला.

पहिल्या रांगेत मोरोपंतांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलं आणि पाय खुर्चीवर घेतले.

त्यांच्या शेजारच्या न्यायाधीशांनी घेतले. मग पलीकडच्यांनी.

पाणी दिसत नव्हतं. जमीन कोरडी होती, चारुशीलाला वरून स्वच्छ दिसत होतं. पण पाणी कुठवर आलंय, ते माणसांवरून कळत होतं. दुसरी रांग. तिसरी. उस्तादांनी जोडे हातात घेतले. कोणी ओरडलं नाही, कोणी खाली पाहिलंही नाही. सगळ्यांचे डोळे चाकाकडे होते आणि पाय आपोआप वर जात होते. चिकामागे बायकांनी लुगड्यांचे काठ उचलले, डावीकडून उजवीकडे, एकीमागून एक.

चाक पुन्हा फिरलं. पुन्हा पाणी पडलं.

आणि नवांनीही वाजवायला सुरुवात केली.

कागदावर काही नव्हतं. चारुशीलाचा गज तारेवर कधी टेकला, ते तिला कळलं नाही. बोटं जिथे पडत होती तिथे पडदे नव्हते, तरी सूर खरा लागत होता. शेजारची सतार तेच म्हणत होती, सनई तेच. तिच्या घोट्यांना गार वाटलं. आपण मोजत नाही आहोत, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

सत्यभामा शेवटच्या रांगेपाशी पोचली होती. एक बांध फोडून ती दरवाज्याकडे सरकली.

तेवढ्यात मोरोपंत खुर्चीवर उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. काठी उचलून त्यांनी पडदेवाल्याला खूण केली.

पडदा पडला.

पडद्याच्या त्या धप्प आवाजाबरोबर दोर सैल होऊन खाली आला. चाक थांबलं. टाळ्या वाजल्या नाहीत. पडद्यापलीकडे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग पावलांचे. चारुशीलाने घड्याळ पाहिलं. सुरू होऊन बरोबर बावीस मिनिटं झाली होती.

ती पडदा सारून पुढे आली, तेव्हा दारात सत्यभामा अजून वाकलेलीच होती. मग ती ताठ उभी राहिली आणि भावाला भराभरा खुणा करू लागली. दाराबाहेर, रस्त्याकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवत होती. सहदेवाला लोकांसमोर लाज वाटली. त्याने तिचा हात धरला आणि तिला टांग्याकडे नेलं. चाक त्याच दिवशी बार्शीटाकळीला परत गेलं.

घरी जेवताना मोरोपंत एवढंच म्हणाले, "गार होतं." आणि त्यांनी भात अर्धा टाकला.

वसंताने नवांनाही पुन्हा बोलावलं. जे वाजलं ते लिहून काढायचं होतं. नऊ जण वाद्यं घेऊन तासभर बसले. कोणालाच एक सूर आठवेना. वसंताने आलेखाचे कागद गुंडाळून माळ्यावर टाकले आणि त्या वर्षी काही लिहिलं नाही.

मेच्या मध्यात सहदेव अमरावतीला आला. झेंडूची पाटी बाजारात देऊन तो घरी आला आणि ओसरीवर टेकला. चारुशीलाने पाणी दिलं. तो दोन घोट प्यायला.

"बाई, तुमचं इकडं सकाळी काही होते काय?"

"म्हणजे?"

"आमची हीर रोज सकाळी पुरुषभर उतरून राहिली. मोट लावली नसली तरी. आठ वाजता उतरते, संध्याकाळलोक पुन्हा भरते. आमी आता ओलीत दुपारून करतो. बहीण म्हणते, थ्या दिवशी पाणी तोडलंच नाई. बांध उघडा राह्यला."

चारुशीलाला त्या दिवशीचं दाराबाहेरचं बोट आठवलं. "मग त्यांना घेऊन या. येऊन बंद करू देत."

"म्या बी तेच म्हनलं. थे येत नाई." सहदेवाने उजवा हात उताणा केला आणि हळूहळू पुढे सरकवला. "अशी खूण करते. पोचू द्या म्हणते."

"कुठे पोचू द्या?"

"थे नाई सांगत." त्याने तांब्या खाली ठेवला. "पण खुशीत आहे जी. म्या तिले इतकं खुशीत कधी पाह्यलं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून अठरा मिनिटांनी चारुशीला नाट्यगृहाच्या रस्त्यावर उभी होती. नाट्यगृहाच्या दाराशी काही नव्हतं. ती पुढे चालत गेली. शिंप्याच्या दुकानाच्या थोडं पुढे फुलं विकणाऱ्या माणिकबाईने पाटी उचलून मांडीवर घेतली आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिली. गिऱ्हाइकाने एका हाताने धोतर वर धरलं. बांधलेल्या घोड्याने एकेक पाय उचलून टाकला. मिनिटभराने पाटी पुन्हा खाली आली.

"काय झालं हो, पाटी उचललीत ती?" चारुशीलाने विचारलं.

"कवा?" माणिकबाई म्हणाली.

त्यानंतर चारुशीला रोज जाऊ लागली. खडूने खूण करायची, दोरीने अंतर मोजायची. पाणी नेमाने रोज अकरा हात पुढे सरकत होतं. कोणाला काही कळत नव्हतं, कोणी घाबरत नव्हतं. पाणी आलं, की भांडणारी माणसं क्षणभर गप्प होत, रडणारं पोर थांबे, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर कोणीतरी लांबून हाक मारल्यासारखा भाव येई. तिने गावाचा नकाशा काढून त्यावर रेघ ओढली. रेघ कापडबाजार ओलांडून, दत्ताच्या देवळामागून, शाळेच्या दिशेने जात होती. नाट्यगृहापासून तिच्या वर्गापर्यंत आठशे तीन हात. गणित सोपं होतं. जूनची एकवीस तारीख, बुधवार.

तिने हे वसंताला सांगितलं नाही.

त्या बुधवारी सकाळची शाळा होती. चौथीचा वर्ग. तिने फळ्यावर त्रैराशिकाचं उदाहरण लिहिलं, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि मुलींकडे तोंड करून उभी राहिली. बत्तीस मुली पाटीवर माना घालून बसल्या होत्या. पेन्सिलींची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

आठ वाजून अठरा मिनिटांनी शेवटच्या बाकावरच्या चौघींनी पाय वर घेतले. पाटीवरून नजर न काढता.

मग त्यांच्या पुढच्या बाकावरच्यांनी.

पेन्सिलींचा आवाज थांबला नव्हता. एकेक बाक करत ते पुढे येत होतं, अजिबात घाई न करता. पहिल्या बाकावर शकुन बसायची, सगळ्यात हुशार. तिने उत्तर लिहिलं, पाटी वर केली, आणि पाय बाकावर घेऊन परकर नीट सावरून बसली.

चारुशीलाने चपला काढून टेबलावर ठेवल्या आणि पाणी पोचायच्या आत अनवाणी पाय फरशीवर टेकले.